इंजिनाची प्रतिकृती आणि तिची पारख

मोठ्या माणसाने टेबलावर लहानशी आगगाडी मांडली की पाहणारा आधी हसतो आणि मग विचारतो, "मुलांसाठी घेतली का?" त्याचा काही दोष नाही. खेळणे आणि प्रतिकृती ही दिसायला सख्खी भावंडे. पण दोघांचे काम वेगळे. मुलाचे मन रमले की खेळण्याचे काम संपले. प्रतिकृती मात्र अमुक जातीच्या, अमुक साली घडवलेल्या इंजिनाबद्दल साक्ष देत असते. आणि साक्षीदार म्हटला की त्याची उलटतपासणी आलीच. वाफेच्या इंजिनांच्या प्रतिकृती जमवणाऱ्या शौकिनाने ती कशी करावी, एवढाच आजचा विषय आहे.

या तपासणीची गरज काय, असे आपण विचाराल. दौंड–मनमाड लोहमार्ग १८७८ साली सुरू झाला. सुमारे १४५ मैलांच्या या मार्गावर नगर, राहुरी, बेलापूर, पुणतांबे, कोपरगाव ही आपली स्टेशने आहेत. कोळसा आणि पाणी यांवर चालणारी इंजिने येथे कित्येक पिढ्यांनी पाहिली. पुढे काळ पालटला. चित्तरंजनच्या कारखान्यातून १९५० साली 'देशबंधू' हे पहिले इंजिन बाहेर पडले आणि १९७० साली 'अंतिम सितारा' या नावाचे ब्रॉडगेजचे शेवटचे वाफेचे इंजिन. भारतातील ब्रॉडगेजवर वाफेच्या इंजिनांची नियमित वाहतूक १९९५ साली थांबली. आज ज्यांचे वय तिशीच्या आत आहे, त्यांनी असे इंजिन आपल्या स्टेशनात रोजच्या कामावर पाहिलेले नाही. मूळ वस्तू डोळ्यांसमोर असते तोवर नकलेतील चूक कोणीही दाखवून देतो. मूळ वस्तू गेली की नक्कलच प्रमाण ठरते आणि तिच्यातील चूकही प्रमाण ठरते.

तेव्हा साक्षीदाराला पहिला प्रश्न रुळांच्या रुंदीचा. प्रतिकृतींचे सर्वांत प्रचलित प्रमाण 'एचओ', म्हणजे मुळाच्या ८७ पटींनी लहान. त्यासाठी मिळणाऱ्या रुळांतील अंतर १६.५ मिलिमीटर असते. युरोप-अमेरिकेतील बहुतेक रुळांचे अंतर १४३५ मिलिमीटर. त्याला ८७ ने भागले की हाच आकडा येतो. पण आपली ब्रॉडगेज साडेपाच फुटी, म्हणजे १६७६ मिलिमीटरांची. तिला भागले तर १९.३ मिलिमीटर येतात. आपले इंजिन या बाजारी रुळावर बसवायचे तर त्याची चाके जवळजवळ तीन मिलिमीटरांनी आत घ्यावी लागतात. तीन मिलिमीटरांचे ते काय, असे वाटेल. खऱ्या मापात ते चोवीस सेंटिमीटर होतात! असे इंजिन समोरून पाहिले तर रुंद खांद्यांचा मल्ल पाय जुळवून उभा राहिल्यासारखा दिसतो.

दुसरा प्रश्न चाकांचा. आपल्याकडील 'डब्ल्यूपी' जातीच्या प्रवासी इंजिनाला पुढे चार लहान, मध्ये सहा मोठी आणि मागे दोन चाके. 'डब्ल्यूजी' या मालगाडीच्या इंजिनाला दोन, आठ, दोन. दोन्ही बाजूंचे दांडेही पाहावेत. एका बाजूचा दांडा अगदी खाली आला असता दुसऱ्या बाजूचा पुढच्या किंवा मागच्या टोकाला हवा. दोन्ही एकाच वेळी टोकाला अडकले तर खरे इंजिन जागचे हलणारच नाही.

तिसरा प्रश्न चालीचा. ताशी १०० किलोमीटर वेगाला ८७ ने भागले तर सेकंदाला सुमारे ३२ सेंटिमीटर येतात. म्हणजे एक मीटर रूळ ओलांडायला तीन सेकंद लागावेत. यापेक्षा भरधाव धावणारी प्रतिकृती खेळण्याच्या वळणावर गेली, असे खुशाल समजावे. वळणांचेही तसेच. ब्रॉडगेजवरील कमाल तीव्र वळणाची त्रिज्या १७५ मीटर. लहान प्रमाणात ती दोन मीटर होते. एवढी जागा घरात कोठून आणावी? म्हणून कारागीर चाकांना थोडी ढिलाई देतो. या तडजोडीला लबाडी म्हणू नये. मात्र ती कोठे केली आहे, हे ओळखता आले पाहिजे.

आता खुद्द वाफेचे पाहू. लांबी ८७ पटींनी कमी केली की पृष्ठभाग ७,५६९ पटींनी आणि घनफळ ६,५८,५०३ पटींनी कमी होते. उष्णता साठते ती पाण्याच्या घनफळात आणि निसटते ती पृष्ठभागातून. पातेल्यातील चहापेक्षा कपातील चहा लवकर निवतो, त्याचे कारण हेच. म्हणून इतक्या लहान इंजिनाच्या पोटात बहुधा विजेची मोटर असते आणि धुराड्यातून निघतो तो तेल तापवून केलेला धूर. हॉर्नबी कंपनीने २००३ साली याच रुंदीच्या रुळावर 'मॅलार्ड' हे इंजिन खऱ्या वाफेने चालवून दाखवले. पण पाणी तापवायला कोळसा नव्हे, रुळांतून दिलेली वीजच घ्यावी लागली. माप लहान करता येते, निसर्गाचा नियम लहान करता येत नाही.

याचा अर्थ प्रतिकृती व्यर्थ, असा मात्र नव्हे. पुण्यात कोथरूडला भाऊ जोशी यांनी उभारलेले लघुरेल्वेचे संग्रहालय १ एप्रिल १९९८ रोजी कायमचे सुरू झाले. तेथे इंजिने एकटी कपाटात उभी नाहीत. स्टेशन, सिग्नल, रस्ते आणि वस्ती यांच्यामधून ती धावतात. इंजिनाला अर्थ येतो तो त्याच्या मार्गामुळे. दौंड–मनमाड मार्ग याच प्रमाणात पुरा मांडायचा तर सुमारे पावणेतीन किलोमीटर लांब टेबल लागेल. तेव्हा निवड करणे भागच आहे. आणि निवड नीट व्हायची तर माहिती आधी हवी.

म्हणून संग्राहकाने इंजिनाआधी एक वही घ्यावी. प्रत्येक प्रतिकृतीपुढे मूळ इंजिनाची जात, चाकांची मांडणी, प्रमाण आणि आढळलेल्या उणिवा लिहाव्यात. त्याच वहीत आणखी एक पान राखून ठेवावे. भट्टीत कोळसा टाकलेले फायरमन आणि इंजिन हाकलेले ड्रायव्हर आता वृद्ध झाले आहेत. कारखान्याच्या नकाशात रंग आणि मापे सापडतील. पण चढावर इंजिनाचा आवाज कसा बदले आणि कोणत्या दांड्याला तेल आधी घालावे लागे, हे त्यांच्याच तोंडून ऐकायला हवे. प्रतिकृती पुढेही विकत मिळतील. ही माहिती मिळण्याचे दिवस थोडेच उरले आहेत.