‘पुढे घेऊन जा’: गरोदर महिलेला ‘रेफर’ करताना नेमकं कुठे अडतं?

समजा, पालघर जिल्ह्यात मोखाडा तालुक्यातल्या एका पाड्यावर रात्री अकराला कळा सुरू झाल्या. आशाताईंना निरोप गेला, गाडी मिळाली, बाई प्राथमिक आरोग्य केंद्रात पोहोचली. नर्सने रक्तदाब मोजला, तो १६०/११० निघाला. ‘इथे नाही जमणार, पुढे न्या.’ मग ग्रामीण रुग्णालय. तिथून जव्हारचं उपजिल्हा रुग्णालय. तिथे त्या रात्री भूलतज्ज्ञ नसेल, तर घाटरस्त्याने आणखी सुमारे ८० किलोमीटरवरचं नाशिक.

प्रसंग काल्पनिक आहे, पण मेळघाट किंवा भामरागडमधल्या माणसालाही तो ओळखीचा वाटेल.

मुळात रेफर का करावं लागतं?

प्रत्येक गावात शस्त्रक्रियेची सोय करणं शक्य नसतं. म्हणून उपकेंद्र, प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामीण रुग्णालय, उपजिल्हा आणि जिल्हा रुग्णालय अशी उतरंड आहे. साधं बाळंतपण खाली, गुंतागुंतीचं वर. कल्पना चुकीची नाही.

अडचण अशी की सिझेरियनसाठी स्त्रीरोगतज्ज्ञ, भूलतज्ज्ञ आणि रक्त या तिन्ही गोष्टी एकाच वेळी, एकाच छताखाली लागतात. भूलतज्ज्ञ रजेवर असेल तर सुसज्ज ऑपरेशन थिएटरही नुसती खोली असते. पाटीवर ‘उपजिल्हा रुग्णालय’ लिहिलेलं असतं, पण त्या रात्रीपुरता तो फक्त वाटेतला एक थांबा होतो.

उशीर किती महागात पडतो?

बाळंतपणानंतर जोरात रक्तस्राव सुरू झाला आणि उपचार मिळाले नाहीत, तर साधारण दोन तासांत मृत्यू ओढवू शकतो. आधीच अंगात रक्त कमी असलेल्या बाईच्या हाती तेवढाही वेळ नसतो.

सेरीन थॅडियस आणि डेबोरा मेन यांनी १९९४ मध्ये मातामृत्यूंमागचे तीन उशीर मांडले: दवाखान्यात जायचं ठरवण्यातला, तिथे पोहोचण्यातला आणि पोहोचल्यावर उपचार मिळण्यातला. रेफर केलं की यातले शेवटचे दोन पुन्हा वाट्याला येतात. तीनदा रेफर, तर तीनदा.

२०१८-२० च्या आकडेवारीनुसार महाराष्ट्रात एक लाख जिवंत जन्मांमागे ३३ मातामृत्यू होत होते; देशाचा आकडा ९७ होता. राज्याची कामगिरी चांगलीच आहे. फक्त या सरासरीत पुणे आणि धडगाव एकत्र मोजलेले असतात.

मग अ‍ॅम्ब्युलन्स वाढवल्या की झालं?

काही प्रमाणात. राज्यात १०८ सेवा २०१४ मध्ये ९३७ गाड्यांनिशी सुरू झाली. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमामुळे २०११ पासून घर ते दवाखाना, एका दवाखान्यातून दुसऱ्यात आणि परत घरी हा प्रवास मोफत असायला हवा. पण जवळची गाडी एका पेशंटला घेऊन नाशिकला गेली, की परत येईपर्यंत तो भाग तिच्याविनाच. पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो, तिथे गाडी असून उपयोग नसतो.

शिवाय गाडी निघण्याआधी काय केलं, यावर बरंच अवलंबून असतं. झटके येण्याचा धोका असेल तर मॅग्नेशियम सल्फेटचा पहिला डोस, दोन्ही कुल्ल्यांत पाच-पाच ग्रॅम, प्राथमिक आरोग्य केंद्रातच देता येतो. तो किती वाजता दिला, हे चिठ्ठीवर लिहावं लागतं. पुढच्या रुग्णालयाला फोन करून डॉक्टर आणि रक्त आहे ना, हे विचारावं लागतं. चिठ्ठीवर नुसतं ‘पुढील उपचारासाठी’ असेल, तर समोरचा डॉक्टर सगळं पहिल्यापासून तपासणार. हा फोन फुकटात होणारा उपाय आहे आणि नेमका तोच राहून जातो.

सोबत कोण जाणार?

खरा पेच इथे आहे. नर्स गाडीत बसली तर वाटेत रक्तस्राव झाल्यास कुणीतरी जाणतं माणूस असतं. पण रात्री ती एकटीच ड्युटीवर असेल, तर मागे केंद्र चार-पाच तास रिकामं. तेवढ्यात दुसरी बाई कळा देत आली तर?

आपल्याकडे मृत्यू झाला तर चौकशी होईल, या धास्तीनेही काही वेळा घाईने पुढे पाठवलं जातं. त्यात जिल्हा रुग्णालयाच्या खाटा भरतात आणि खरी गंभीर पेशंट मागे राहते.

घरचे नकार का देतात?

नातेवाईक ‘अडाणी’ असतात, हे सोपं उत्तर झालं. नाशिकला जायचं म्हणजे मजुरी बुडते, सोबतच्यांच्या जेवणाचा खर्च येतो आणि घरी लहान पोरं राहतात. डॉक्टर मराठीत घाईघाईने बोलतात. घरात वारली किंवा कोरकू बोलली जाते. दोनदा पुढे पाठवलेल्या माणसाला तिसऱ्यांदा ‘आता तिथे नक्की होईल’ हे पटत नाही.

त्यावरचा एक उपाय राज्याच्या आदिवासी भागात आहे, ‘माहेरघर’. तारखेच्या काही दिवस आधीच बाईने आरोग्य केंद्राजवळ येऊन राहायचं, म्हणजे मध्यरात्रीची पहिली धावपळ टळते. पण तेवढे दिवस घरची पोरं, शेळ्या आणि चूल कोण सांभाळणार, यावर ती येते की नाही हे ठरतं.