मामूंचे थांबे

आमच्या मोहल्ल्यातून मशिदीकडे जाणारा रस्ता थोडा चढाचा. गेल्या रमजानमध्ये इशाच्या नमाजला निघालो की मोठे मामू दोनदा थांबायचे. एकदा पिठाच्या गिरणीपाशी, एकदा सायकलवाल्याच्या दुकानासमोर. चष्मा पुसायचे, कुणाची तरी खुशाली विचारायचे आणि दोन-तीन मिनिटांनी पुन्हा चालू लागायचे. ''पोटरीत गोळा येतो. उम्र का तकाजा है, बेटा.'' मीही मान डोलवायचो.

नवल वाटायचे ते पुढे. इशानंतर तरावीहची नमाज असते. वीस रकात, आणि त्यातला बराच वेळ उभे राहून कुराण ऐकायचे. माझ्यासारखा पंचेचाळिशीतला माणूस भार या पायावरून त्या पायावर टाकत राहतो. मामू मात्र ताठ उभे. विचारले तर म्हणाले, ''उभं राहिलं की काही नाही. चाललो की धरतं.''

ईदला कॉलेजमधले सहकारी शीरखुर्म्याला आले. त्यांच्या पत्नी डॉक्टर. त्यांना हा किस्सा गंमत म्हणून सांगितला, तर त्यांनी वाटी खाली ठेवली आणि मामूंना चपला काढायला सांगितल्या. पावलावरची आणि घोट्यामागची नाडी चाचपली. डाव्या पायाची लागेना.

चालताना पोटरीला रक्त कितीतरी जास्त लागते. धमनी आतून चरबीच्या थराने अरुंद झाली असेल, तर बसल्या जागी पुरणारे रक्त चालताना कमी पडते आणि स्नायू कळवळतो. थांबले की मागणी उतरते, कळ जाते. म्हणून दुखणे साधारण ठरावीक अंतरावर येते, चढावर लवकर. कण्यात नस दाबली गेली असेल तर नुसते उभे राहूनही पाय भरून येतात. बसल्याशिवाय किंवा पुढे वाकल्याशिवाय बरे वाटत नाही. मामूंचे नेमके उलटे होते.

ही खूण आधी घोड्यात सापडली. 1831 मध्ये बूले या फ्रेंच पशुवैद्याने धावताना लंगडणाऱ्या, थांबल्यावर नीट होणाऱ्या घोड्याच्या पायातली धमनी बंद असल्याचे दाखवले. माणसातले असेच लंगडणे शार्को यांनी 1858 मध्ये नोंदवले. जर्मन लोक याला दुकानांच्या काचा पाहण्याचा आजार म्हणतात. लोकलाजेस्तव माणूस काचेपाशी थांबतो. आमच्याकडे चष्मा पुसतात, एवढाच फरक.

तपासणी साधी असते. दंडाचा आणि घोट्याचा रक्तदाब मोजतात. घोट्याचा दाब दंडाच्या 0.9 पटीपेक्षा कमी भरला, तर धमनी अरुंद असल्याचे समजतात. मामूंचा बराच कमी भरला. पायातल्या धमन्या अशा झाल्या, तर हृदयाच्या आणि मेंदूच्या धमन्याही त्याच वाटेवर असण्याची शक्यता मोठी. अशा रुग्णाला पाय गमावण्यापेक्षा हृदयविकाराच्या झटक्याची भीती जास्त. थांबे पोटरीचे, इशारा छातीचा!

मामूंना मधुमेह आहे आणि चाळीस वर्षांची विडी. दिवसभर रोजात तिला हात न लावणारा माणूस इफ्तारची खजूर गिळताच काडी ओढायचा. डॉक्टरीणबाई एवढेच म्हणाल्या, ''चौदा तास जमतं ना?'' विडी सुटायला पुढे तीन महिने आणि बरीच भांडणे लागली.

कोलेस्टेरॉलच्या आणि रक्त पातळ ठेवण्याच्या गोळ्या सुरू झाल्या. त्या प्रत्येकाने डॉक्टरांनाच विचारून घ्यायच्या. खरे औषध मात्र चालणे. दुखेपर्यंत चालायचे, थांबायचे, पुन्हा चालायचे. अर्धा-पाऊण तास, आठवड्यातून किमान तीनदा, निदान बारा आठवडे. मधुमेहींनी रोजे धरण्याआधी डॉक्टरांशी बोलावे. आजाऱ्याला सवलत कुराणानेच दिली आहे. मधुमेहात पायाची जाणीव बोथट होते, कळ येतेच असे नाही. म्हणून वुजूसाठी पाय धुताना बोटांच्या बेचक्यांत बघावे. थंडगार पाऊल, न भरणारी जखम, रात्री पाय खाटेखाली लोंबता ठेवल्यावरच थांबणारी कळ, यांत दिवस घालवू नयेत. पाय अचानक पांढरा पडून गार झाला, तर तासही नाही, थेट रुग्णालय.

यंदा मामू गिरणीपाशी थांबत नाहीत. सायकलवाल्यापाशी थांबतात. चष्मा न पुसता, सरळ सांगून.