बर्फावरची हॉकी आणि घरचे प्रेक्षक

हॉकी म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे हिरवे मैदान, ध्यानचंद आणि ऑलिंपिकची सुवर्णपदके येतात. कॅनडात नुसते 'हॉकी' म्हटले तर ती बर्फावरची असे समजावयाचे. गवतावरचीला तेथे विशेषण लावावे लागते. लडाखमध्ये गोठलेल्या तळ्यांवर आपली मुलेही हा खेळ खेळतात, परंतु धंदेवाईक संघ, पगारी खेळाडू आणि तिकीट काढून येणारी हजारो माणसे हा प्रकार पाहावयाचा तर मॉंट्रिअल-टोरॉंटोकडे गेले पाहिजे. कामगार चळवळीतल्या माणसाने या विषयाला हात का घालावा, असे कोणी विचारील. आमचे उत्तर असे, की जेथे मालक आहे, वेतन आहे आणि फाटकावर गर्दी आहे, तेथे आम्हाला परके वाटत नाही.

प्रथम खेळ समजून घेऊ. बर्फाचे अंगण 200 फूट लांब व 85 फूट रुंद, म्हणजे आपल्या हॉकीच्या मैदानाच्या दोन-तृतीयांश लांबीचे. सिमेंटच्या जमिनीत नळ्या पुरलेल्या असतात व त्यांतून अतिशय थंड केलेले खारे पाणी किंवा तसाच न गोठणारा द्रव खेळवतात; वर जेमतेम इंचभर जाडीचा बर्फ धरतो. चेंडूऐवजी कडक रबराची चकती, तीन इंच व्यासाची आणि एक इंच जाड. सामन्याआधी ती गोठवून ठेवतात, कारण गार नसली तर ती उसळ्या मारते. बाजूला सहा-सहा गडी, त्यांत एक गोलरक्षक. वीस-वीस मिनिटांचे तीन डाव, आणि मधल्या सुटीत बर्फ खरवडून गुळगुळीत करणारे यंत्र फिरते. कॅलिफोर्नियातील फ्रँक झांबोनी याने 1949 साली ते बनविले. त्याचे संथ फिरणे पाहात बसणे हा तेथील प्रेक्षकांच्या करमणुकीचाच एक भाग आहे.

गडी फार वेळ बर्फावर राहात नाहीत. पाऊण मिनिट जिवाच्या आकांताने धावले की बाहेर, आणि बदली गडी आत. या पाऊण मिनिटाला इंग्रजीत जो शब्द आहे तोच आपल्या गिरणीतल्या पाळीला आहे! 'घरचा सामना' या शब्दाला नियमात खरा अर्थ आहे तो येथेच. खेळ थांबला की पाहुण्या संघाने आपले गडी आधी बदलावयाचे. यजमान संघाच्या शिक्षकाने ते पाहून मग आपले गडी उतरवायचे. पाहुण्यांचा सर्वांत तरबेज खेळाडू आत आला की त्याच्यासमोर आपला सर्वांत चिवट रक्षक उभा करता येतो. बुद्धिबळात दुसऱ्याची खेळी पाहून आपली सोंगटी मांडण्यासारखेच हे झाले. प्रेक्षकांचा आरडाओरडा हा फायद्याचा दुसरा भाग.

नॅशनल हॉकी लीग 1917 साली मॉंट्रिअलमध्ये स्थापन झाली. 1942 ते 1967 या पंचवीस वर्षांत तीत सहाच संघ होते: मॉंट्रिअल, टोरॉंटो, बोस्टन, न्यूयॉर्क, डेट्रॉइट आणि शिकागो. त्या काळच्या उत्तरार्धात प्रत्येकाचे हंगामात 70 सामने होत, पैकी 35 घरी. एकच पाहुणा संघ वर्षातून सात वेळा गावात येई. तेव्हा प्रेक्षकाला विरुद्ध बाजूच्या खेळाडूचे नाकडोळेच काय, त्याच्या खोड्याही पाठ असत. डेट्रॉइटला 1952 च्या एप्रिलमध्ये मासळीचे दुकान चालविणाऱ्या दोघा भावांनी बर्फावर चक्क अष्टपाद जलचर फेकला. स्टॅन्ले चषकाला तेव्हा आठ विजय लागत, म्हणून आठ पाय. ती चाल तेथे रूढ होऊन बसली. कोणी सामन्यात तीन गोल केले तर लोक डोक्यावरच्या टोप्या बर्फावर फेकतात. चांगली टोपी फेकणारा माणूस दुसऱ्या दिवशी काय घालत असेल, हा प्रश्न आम्हाला पडतो.

आता मॉंट्रिअल. तेथील 'फोरम' नावाचे क्रीडागार 1924 साली उभे राहिले. त्या शहरात त्या काळी कारखान्याचा मालक आणि वरचा साहेब बहुधा इंग्रजी बोलणारा, तर कामगार फ्रेंच बोलणारा. फ्रेंचांचा लाडका खेळाडू मॉरिस रिशार हाही कारागीर. यंत्रावर काम शिकलेला, बाप रेल्वेच्या कारखान्यात नोकरीला. 1944-45 च्या हंगामात त्याने 50 सामन्यांत 50 गोल केले. 13 मार्च 1955 रोजी बोस्टनला त्याच्या डोक्यावर प्रतिस्पर्ध्याची काठी बसली. त्याने उलट काठी चालविली आणि सोडवायला आलेल्या पंचालाही ठोसे लगावले. पंचाला मारणे हा गुन्हाच, त्याचे समर्थन आम्ही करणार नाही. लीगचे अध्यक्ष क्लॅरेन्स कँपबेल यांनी त्याला उरलेल्या हंगामातून व चषकाच्या सामन्यांतूनही काढून टाकले. फ्रेंच वस्तीला ही शिक्षा एका खेळाडूला झालेली वाटली नाही. साहेबाने पुन्हा एकदा आपल्याला जागा दाखविली, असे वाटले.

17 मार्चला डेट्रॉइटविरुद्ध घरचा सामना होता. येऊ नका असे सांगितले असताही कँपबेल आले आणि नेहमीच्या खुर्चीवर बसले. टोमॅटो, अंडी, जे हाती लागेल ते त्यांच्या अंगावर पडू लागले. पहिला डाव संपला तेव्हा डेट्रॉइट 4-1 ने पुढे होते. इतक्यात अश्रुधुराचे नळकांडे फुटले, इमारत रिकामी करण्यात आली व सामना डेट्रॉइटला बहाल झाला. लोक सेंट कॅथरिन रस्त्यावर उतरले. पहाटेपर्यंत काचा फुटत होत्या, दुकाने लुटली जात होती. दुसऱ्या दिवशी रिशारने स्वतः रेडिओवरून शांततेचे आवाहन केले व लोक शांत झाले. त्या हंगामात गुणांचे पहिले स्थान त्याच्या हातून एका गुणाने गेले. ते मिळविले त्याच्याच संघातील जॉफ्रियाँ याने, आणि घरच्या प्रेक्षकांनी त्या बिचाऱ्याची हुर्यो केली! जमाव न्याय मागतो तेव्हासुद्धा अन्याय करू शकतो, हे संपाच्या दिवसांत फाटकावर उभे राहिलेल्या कोणालाही ठाऊक असेल.

टोरॉंटोची गोष्ट आम्हाला अधिक जवळची. मंदीच्या ऐन तडाख्यात, 1931 साली, कॉन स्माइद या मालकाने 'मेपल लीफ गार्डन्स' बांधावयास घेतले. पैसा कमी पडला. त्याचा सहायक फ्रँक सेल्क हा मूळचा विजेच्या कामगारांच्या युनियनमधला माणूस. तो बांधकाम युनियनांकडे गेला आणि मजुरीचा पाचवा हिस्सा कंपनीच्या शेअरच्या रूपाने घ्या, असे सांगितले. कामगारांनी ते मान्य केले. बेकारीच्या काळात चार-पंचमांश रोख मजुरी हीदेखील मोठी गोष्ट होती. मजुरीऐवजी कागद घेणे हे आम्ही कोणाही कामगाराला सुचविणार नाही. पण त्यांची अडचण आम्हाला समजते. 1 जूनला सुरू झालेले काम साडेपाच महिन्यांत पुरे झाले व 12 नोव्हेंबर 1931 रोजी पहिला सामना झाला. टोरॉंटो शिकागोकडून 2-1 असे हरले.

कामगारांच्या घामावर आणि शेअरांवर उभ्या राहिलेल्या या इमारतीच्या मालकाला खेळाडूंची युनियन मात्र नको होती. 1957 च्या फेब्रुवारीत डेट्रॉइटचा टेड लिंडसे आणि मॉंट्रिअलचा डग हार्वी यांनी खेळाडूंची संघटना जाहीर केली. निवृत्तिवेतनाचा हिशेब दाखवा आणि दूरदर्शन प्रक्षेपणाच्या उत्पन्नात वाटा द्या, हे त्यांच्या मागण्यांचे सार होते. खेळाडू एकदा करारावर सही करी तो जन्माचा त्या क्लबाचा बांधील. उलट क्लब त्याला वाटेल तेव्हा विकू शके. मग मालकांनी काय केले? त्याच उन्हाळ्यात लिंडसेची रवानगी तळाच्या शिकागो संघात झाली. टोरॉंटोचा जिमी टॉमसन संघटनेच्या कामात होता, तोही शिकागोलाच. पुढाऱ्याची दूरच्या खात्यात बदली करण्याची ही युक्ती आपल्या व्यवस्थापकांना कोणी शिकवावी लागली नाही! नोव्हेंबरमध्ये डेट्रॉइटच्या खेळाडूंनीच माघार घेतली. 1958 च्या तडजोडीत किमान वार्षिक वेतन 7,000 डॉलर ठरले, निवृत्तिवेतनात काही भर पडली. संघटना मात्र मोडली.

1967 साली पुन्हा संघटना झाली. तिचा सूत्रधार अॅलन ईगलसन हा वकील. मालकांनी तिला मान्यता दिली, आणि पुढे कळले की या गृहस्थाने खेळाडूंच्याच पैशांवर हात मारला होता. 1998 साली त्याने न्यायालयात गुन्हा कबूल केला व तुरुंगात गेला. युनियनचा हिशेब सभासदांपुढे उघडा ठेवण्याचा आग्रह आम्ही का धरतो, हे यावरून दिसावे.

2004-05 मध्ये मालकांनी टाळेबंदी केली आणि अख्खा हंगाम बुडाला. कोट्यवधी डॉलर मिळविणाऱ्या खेळाडूंचे अश्रू पुसण्याचे आम्हाला कारण नाही. परंतु तिकिटे तपासणारे, खाद्यपदार्थ विकणारे, बर्फ राखणारे यांचे पोट घरच्या सामन्यांवर चालते. त्यांच्या नावाने वाटाघाटीच्या टेबलाशी कोणी बसले नव्हते. 2020 च्या साथीत चषकाचे सामने टोरॉंटो व एडमंटन येथे रिकाम्या क्रीडागारांत झाले. तरीही दर सामन्यात एका संघाला 'घरचा' म्हणून गडी शेवटी बदलण्याचा हक्क दिला जाई. नियम शिल्लक, आणि घर गायब.

प्रेक्षकांचीही जात बदलली. जुन्या इमारतींत उभे राहून किंवा कोपऱ्यातल्या स्वस्त बाकावर बसून पाहणारा मजूर असे. फोरमचा शेवटचा सामना 11 मार्च 1996 रोजी झाला, तेव्हा वृद्ध रिशार बर्फावर आला आणि लोक कित्येक मिनिटे उभे राहून टाळ्या वाजवीत राहिले. मेपल लीफ गार्डन्स 13 फेब्रुवारी 1999 रोजी बंद झाले. त्या रात्रीही टोरॉंटो शिकागोकडूनच हरले. नव्या इमारतींत कंपन्यांसाठी काचेच्या खाजगी दालनांची रांग असते, हंगामी तिकिटांवर मोठमोठ्या कंपन्यांची नावे असतात, आणि साधा कुटुंबवत्सल माणूस दूरदर्शनवर सामना पाहतो. टोरॉंटोने 1967 नंतर चषक जिंकलेला नाही, पण तिकिटे खपतातच.

गार्डन्सची इमारत मात्र पाडली नाही. वर एका विद्यापीठाचे क्रीडाकेंद्र व बर्फाचे अंगण आहे. खाली वाणसामानाचे मोठे दुकान. त्या दुकानाच्या फरशीवर, मालाच्या दोन रांगांच्या मध्ये, एक तांबडा ठिपका रंगविलेला आहे. जुन्या बर्फाचा मध्यबिंदू तो. गिऱ्हाइके सामानाच्या गाड्या त्यावरून ढकलीत नेतात.