पडद्यामागचा आवाज



संध्याकाळची वेळ आहे. सोयाबीनची सुडी लावून तुम्ही नुकत्याच घरी आलात, तव्यावर भाकरी आहे आणि मुले टी.व्ही.पुढे बसली आहेत. पडद्यावर निंजा हातोरी नावाचा जपानी पोरगा उड्या मारतो आहे आणि चक्क हिंदीत बोलतो आहे. रिसोड असो की मानोरा, मुले असलेल्या पुष्कळ घरांना हे चित्र ओळखीचे आहे. पण हा पोरगा बोलतो कुणाच्या तोंडाने, असा प्रश्न तुम्हाला कधी पडला का?

ते तोंड पोराचे नाही, बाईचे आहे. आणि बाई मराठी आहे. हिंदीतल्या हातोरीला आवाज दिला तो मेघना एरंडे यांनी. लहान मुलांचा लाडका नॉडीही हिंदीत त्यांच्याच आवाजात बोलला. कितीतरी मुले तो आवाज ऐकत वाढली, पण रस्त्यात त्या समोर आल्या तर ओळखणार नाहीत. या धंद्याची रीतच अशी आहे. आवाज घराघरात जातो आणि चेहरा मागे राहतो.

आता तुम्ही म्हणाल, मुलाच्या आवाजासाठी मुलगाच का घेत नाहीत? कारण सोपे आहे. बारा-चौदा वर्षांचा झाला की मुलाचा आवाज फुटतो. कार्यक्रम मात्र वर्षानुवर्षे चालतो. बाईचा गळा तोच आवाज टिकवून धरतो. जपानमध्ये डोरेमॉनला नोबुयो ओयामा या बाईंनी १९७९ पासून २००५ पर्यंत, म्हणजे सव्वीस वर्षे आवाज दिला. अमेरिकेतला खोडकर बार्ट सिम्प्सन १९८७ पासून नॅन्सी कार्टराइट या बाईंच्या आवाजात बोलत आला आहे.

पण नुसता गळा गोड असून भागत नाही. एक गंमत करून पाहा. आरशापुढे उभ्या राहा आणि 'बाबा' म्हणा. ओठ दोनदा मिटले. आता 'काका' म्हणा. ओठ एकदाही मिटले नाहीत. पडद्यावरच्या पात्राचे ओठ मिटलेले दिसत असताना 'काका' ऐकू आले, तर पाहणाऱ्याला काहीतरी चुकले असे वाटतेच. म्हणून परक्या भाषेतले वाक्य आपल्या भाषेत आणताना अर्थ सांभाळायचा, लांबी सांभाळायची आणि ओठ मिटतात तिथे शक्य तर प, फ, ब, भ, म यांपैकी एखादे अक्षर बसवायचे. दळताना जात्यात मूठ मूठ वैरण घालावी, तसे हे शब्द मोजून घालावे लागतात.

हे सारे ठरते कागदावर. त्या कागदाला संहिता म्हणतात आणि तिच्यावर नजर ठेवणारे माणूस वेगळे असते. पोरगा बापाला पहिल्या भागात 'तुम्ही' म्हणाला आणि दहाव्या भागात 'तू' म्हणाला, तर ती चूक पकडायची. गावाचे, माणसाचे नाव प्रत्येक भागात एकच राहील हे पाहायचे. ध्वनिमुद्रणाच्या वेळी एखादा शब्द बदलला, तर त्याची नोंद ठेवायची. सगळे कलाकार एका वेळी येतातच असे नाही. लेकाचा आवाज आज भरला जातो आणि आईचा परवा. दोघांची गाठ पडते ती फक्त त्या कागदावर. म्हणून बोलणारीला वाचता आले पाहिजे आणि लिहिणारीला कान हवा.

हे दोन्ही एकाच बाईत कसे येते, ते पाहायचे तर सई परांजपे यांच्याकडे पाहा. पुण्याच्या आकाशवाणीवर त्यांनी निवेदिका म्हणून सुरुवात केली, मुलांचे कार्यक्रम केले. पुढे दिल्लीला दूरदर्शनवर गेल्या. 'स्पर्श' आणि 'चष्मे बद्दूर' हे चित्रपट त्यांनी स्वतःच लिहिले आणि स्वतःच दिग्दर्शित केले. २००६ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले. माइकपुढे शब्द कसा ऐकू येतो हे ज्याला कळले, त्याच्या कागदावरचा संवाद जिवंत होतो.

हे सगळे वाशीमच्या वाचकांना सांगायचे कारण वेगळे आहे. आपल्याकडे पोरगी मोठ्याने बोलली की आपण लगेच म्हणतो, "पोरीच्या जातीनं हळू बोलावं." शाळेत ती 'डोळा'ऐवजी 'डोया' म्हणाली की वर्ग हसतो. मग ती हळूहळू गप्प होते. एक चांगला आवाज घरातच विझतो.

भगिनींनो, 'डोया' म्हणणे हा दोष नाही. ती आपल्या वऱ्हाडाची बोली आहे. शेतातले लुगडे वेगळे आणि लग्नातले वेगळे. आपण दोन्ही जपून ठेवतो. तसेच बोलीचे करावे. पुस्तकातला 'ळ' आणि 'ण' स्वच्छ म्हणता यावा आणि आजीची वऱ्हाडीही जिभेवर राहावी. नाटकात वऱ्हाडी म्हातारी आली, तर ती बोली ज्या मुलीने घरात ऐकली आहे, तिलाच ती खरी बोलता येईल.

यासाठी खर्च काही नाही. रात्री जेवणे झाली की मुलीला दहा मिनिटे मोठ्याने वर्तमानपत्र वाचायला सांगा. आजीला ओसरीवर बसून प्रत्येक शब्द ऐकू आला पाहिजे. गोष्ट वाचताना कोल्ह्याचा आवाज वेगळा, म्हातारीचा वेगळा काढू द्या. पुढे आकाशवाणीची केंद्रे गरजेप्रमाणे नैमित्तिक उद्घोषकांसाठी आवाजाची चाचणी घेतात. आपल्या बाजूला अकोला आणि परभणी येथे केंद्रे आहेत. तेथे चौकशी करता येते.

एक सावधगिरीही सांगितली पाहिजे. या कामात महिन्याचा बांधलेला पगार सहसा नसतो. जेवढे काम, तेवढे दाम. त्यामुळे शिक्षण सोडून यामागे धावू नये. "आधी पैसे भरा, मग टी.व्ही.वर काम देतो" असे कुणी म्हणाले, तर त्याला दारातूनच परत पाठवावे.

आणि समजा, तुमची लेक टी.व्ही.पर्यंत नाही पोचली. तरी ग्रामसभेत उभी राहून चार वाक्ये ठणठणीत बोलेल, बँकेत कागद पूर्ण वाचून मगच सही करेल. तेवढ्यासाठी तरी आज रात्री तिच्या हातात वर्तमानपत्र द्या आणि म्हणा, "वाच बाई, मोठ्यानं वाच."