मनाच्या प्रसन्नतेसाठी तंतुवाद्ये

देवगिरीच्या यादव दरबारी, सिंघणाच्या अमदानीत, हिशेबखात्याचा कारभार सांभाळून शार्ङ्गदेवाने तेराव्या शतकात ‘संगीतरत्नाकर’ रचला आणि त्यात वीणांचे सविस्तर विवेचन केले. त्याच मराठवाड्यात, नांदेडला गोदातीरी, सचखंड गुरुद्वाऱ्यात ज्या ग्रंथसाहिबाचे पठण चालते, त्यातील वाणी ३१ मुख्य रागांत ग्रथित आहे, आणि गुरू नानकांच्या पदांना भाई मर्दानांच्या रबाबाची साथ असे. तेव्हा तारेच्या नादाने चित्त सावरण्याची वाट येथे परकी नाही.

लातूरच्या आडत बाजारातून दिवसभराच्या उलाढालीने शिणून परतलेल्या गृहस्थाने मात्र पहिल्याच दिवशी दरबारी कानड्याचा प्रदीर्घ आलाप लावू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. राग थोर खरा, परंतु त्यातील आंदोलित कोमल गांधार आणि धैवत खिन्न मनाला अधिकच अंतर्मुख करतात. त्याऐवजी हंसध्वनी घ्यावा. कर्नाटक संगीतातून आलेल्या या रागात मध्यम व धैवत वर्ज्य, उरलेले पाचही स्वर शुद्ध, म्हणून त्याची चाल निर्मळ व उल्हसित. पावसाळ्यात देस, रात्री बिहाग. सतारीवर द्रुत गतीनंतर झाला सुरू होतो, तेव्हा चिकारीवरील आघात वाढत्या लयीत बरसतात आणि खालच्या तरफांच्या तारा मुख्य स्वराबरोबर आपोआप निनादू लागतात. किती विलक्षण आनंद आहे तो! आरंभी शिवकुमार शर्मांचा संतूर किंवा विष्णू गोविंद जोगांचे व्हायोलिन निवडावे, आणि द्रुत गत अंगवळणी पडल्यावरच तासाभराच्या आलाप-जोडाकडे वळावे.