मोठी आई घरी येण्यापूर्वी

मलकापूर आणि नांदुरा यांच्या दरम्यान महामार्गालगत वसलेल्या वडनेर भोलजी या गावी आमचे वडिलोपार्जित घर आहे. पांढऱ्या मातीच्या जाड भिंती, वर मातीचे धाबे, पुढे दीड फूट उंचीचे जोते आणि मागील अंगणाच्या टोकाला न्हाणी व संडास, असे त्याचे स्वरूप. गेल्या श्रावणात एका पहाटे न्हाणीसमोरच्या शेवाळलेल्या शहाबादी फरशीवरून माझी मोठी आई, म्हणजे थोरली काकू, घसरली. वय ७८. खुब्याचे हाड मोडले. अकोल्यास शस्त्रक्रिया झाली आणि पुढचे सहा आठवडे तिथल्याच धाकट्या मुलाच्या भाड्याच्या सदनिकेत तिने राहावे असे ठरले.

त्या सहा आठवड्यांत गावातील घराचे काय करावे, यावर घरात बराच खल झाला. थोरल्या भावाचे म्हणणे होते की जुने घर पाडून स्लॅबचे घर बांधावे. मोठी आई खाटेवर पडल्या पडल्या ऐकत होती. ती एवढेच म्हणाली, “मी पडली म्हून घर काऊन पाडता?”

तिचा प्रश्न आम्हांला निरुत्तर करून गेला, आणि पुढील सगळे काम त्या प्रश्नातूनच निघाले. वाचकांपैकी अनेकांच्या घरी असा प्रसंग आलेला असेल किंवा येईल, म्हणून तो अनुभव येथे नोंदवीत आहे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी सुमारे ६ लाख ८४ हजार माणसे पडण्यामुळे दगावतात आणि त्यांत साठीपुढील व्यक्तींचे प्रमाण सर्वाधिक असते. आपण मात्र ‘वय झाले, पडायचेच’ असे म्हणून विषय संपवितो. मोठी आई वयामुळे पडली हे अर्धेच खरे. पहाटेचा अंधार, ओली फरशी, धरायला काही नसणे आणि खाटेपासून संडासापर्यंतची चाळीस पावले, ही उरलेली कारणे घराची होती. ती दुरुस्त करता येण्याजोगी होती.

म्हणून मिस्त्रींना बोलाविण्यापूर्वी आम्ही एक साधे काम केले. व्यायामोपचार करणाऱ्या ताईंच्या सल्ल्याने, खाटेपासून संडासापर्यंत आणि खाटेपासून ओट्यापर्यंत रात्री दिवा न लावता चालून पाहिले. चार ठिकाणी मी अडखळले, आणि माझे वय पंचावन्न आहे! त्या चार जागा खडूने खुणावल्या. कामाची यादी तिथेच तयार झाली. तीत स्लॅब नव्हता.

सर्वांत मोठा प्रश्न न्हाणीचा. अंगणापलीकडची न्हाणी सोडून मागील पडवीचा एक कोपरा आम्ही नव्या न्हाणीघरासाठी घेतला, म्हणजे खाटेपासून आठ पावले. येथे आमच्या भागातील जमिनीविषयी सांगणे आवश्यक आहे. पूर्णेच्या खोऱ्यातील काळी कपाशीची जमीन पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसून भेगाळते. तिच्यावर थेट काँक्रीट टाकले की वर्ष-दोन वर्षांत फरशी एका बाजूस खचते, तडकते, आणि म्हाताऱ्या पायाला अडखळण्यास अर्ध्या इंचाचा उंचवटाही पुरतो. मिस्त्रींनी काळी माती खोल काढून तिथे मुरूम भरला, थराथराने पाणी मारून धुमसला आणि मग काँक्रीट केले. या कामाला चार दिवस अधिक लागले. थोरला भाऊ चिडला होता, पण ते चार दिवस वाचविणे महागात पडले असते.

फरशीच्या दुकानात आरशासारख्या चकचकीत फरश्या पुढे केल्या जातात. ओल्या पायाला त्या घातक असतात. आम्ही खरखरीत पृष्ठभागाच्या, लहान आकाराच्या फरश्या घेतल्या, कारण सांधे अधिक असले की पकड अधिक मिळते. दुकानात नमुन्यावर पाणी ओतून अनवाणी पायाने उभे राहून पाहावे. दुकानदार हसला तरी हरकत नाही. उतार पाण्याला वाट देण्यापुरताच असावा आणि तो दाराच्या विरुद्ध दिशेस असावा. दार बाहेर उघडणारे असावे. आत कुणी पडले तर आत उघडणारे दार त्यांच्याच अंगाने अडते, ही गोष्ट बहुतेकांच्या लक्षात अपघातानंतरच येते. कडीही बाहेरून उघडता येईल अशी हवी.

कमोडविषयी घरात कुरबूर झाली. मोठ्या आईने आयुष्यभर उकिडवे बसण्याची सवय जपली होती. परंतु खुब्याच्या काही शस्त्रक्रियांनंतर खोल वाकणे आणि गुडघ्यापेक्षा खाली बसणे वर्ज्य असते. आपल्या रुग्णास काय वर्ज्य आहे, हे शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांनाच विचारावे. बैठकीची उंची साधारण ४५ ते ४८ सेंटिमीटर ठेवली की उठताना गुडघ्यांवर भार कमी येतो. मोठी आई ठेंगणी आहे, म्हणून तिचे पाय जमिनीला पुरते टेकतील अशी उंची तिला खुर्चीवर बसवून मोजली.

आता दांड्या. टॉवेल अडकविण्याची दांडी ही आधाराची दांडी नव्हे. माणूस घसरताना संपूर्ण वजन क्षणात तिच्यावर येते आणि ती भिंतीतून उपटून हातात येते. आधाराची दांडी मुठीत मावेल अशी, सुमारे ३२ ते ३८ मिलिमीटर जाडीची असावी, भिंतीपासून बोटे आत जातील इतके अंतर असावे आणि जमिनीपासून तिची उंची सुमारे ८५ ते ९० सेंटिमीटर असावी. मातीच्या भिंतीत मात्र कोणताही खिळा किंवा प्लग असा भार पेलत नाही. आमच्या मिस्त्रींनी त्यावर तोड काढली. जमिनीत काँक्रीटमध्ये पुरलेला लोखंडी पाइप वर आणून त्याला आडवी दांडी जोडली. दिसायला ओबडधोबड आहे. मी स्वतः तिला लोंबकळून पाहिले आणि मगच पैसे चुकते केले.

पुढील जोत्याला उतार करावा, असा आग्रह एका नातेवाइकांनी धरला होता. हिशेब असा की चाकांच्या खुर्चीसाठी उताराचे प्रमाण १ ला १२ असावे लागते. दीड फूट उंचीला १८ फूट लांबीचा उतार. तेवढे अंगण आम्हांला नाही. आखूड, उभा उतार हा पायऱ्यांपेक्षा अधिक धोक्याचा. म्हणून दोन उंच पायऱ्या काढून चार बुटक्या, रुंद पायऱ्या केल्या, दोन्ही बाजूंस कठडा लावला आणि प्रत्येक पायरीच्या कडेला पिवळ्या रंगाचा पट्टा ओढला. मोतीबिंदूमुळे एकाच रंगाच्या पायऱ्यांची कड दिसत नाही. पट्ट्याचा खर्च चहापाण्याएवढा.

उंबरठ्याचा प्रश्न नाजूक होता. मधल्या खोलीचा लाकडी उंबरा काढण्यास मोठ्या आईने फोनवरून होकार दिला. दर्शनी दाराचा मात्र नाही. त्या उंबऱ्यावर तिने पन्नासहून अधिक वर्षे हळदकुंकू वाहिले आहे, आणि पावसाचे पाणी व सरपटणारे प्राणी अडविण्याचे त्याचे कामही खरेच आहे. सुताराने त्याच्या दोन्ही बाजूंस लाकडी पाचरी बसवून चढ सौम्य केला. सगळेच तोडण्याची गरज नसते.

धाब्यासंबंधी आम्ही भावाचे म्हणणे ऐकले नाही, याचे कारण आमचा उन्हाळा. मे महिन्यात स्लॅब दिवसभर तापतो आणि रात्री उष्णता खाली सोडीत राहतो. टिनपत्र्याखाली तर दुपार असह्यच. वृद्धांना तहान उशिरा जाणवते, घाम कमी येतो, आणि रक्तदाबाच्या काही गोळ्यांमुळे शरीरातील पाणी घटते. अशा शरीराला जाड माती हा मोठा दिलासा आहे. पण धाबे जपायचे तर त्याचे वजनही पाहावे लागते. दरवर्षी वर मातीचा नवा थर चढविण्याची रीत असते, जुना थर मात्र कुणी काढीत नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपात मातीत रचलेल्या दगडी भिंती आणि त्यांवरील मातीची अवजड छते झोपलेल्या माणसांवर कोसळली होती. आम्ही वरचे जुने थर उतरविले, वाळवी लागलेले दोन सर बदलले आणि मग नवा पातळ थर दिला. ज्यांच्याकडे स्लॅब वा पत्रा आहे, त्यांनी उन्हाळ्याआधी छताला पांढरा चुना अवश्य द्यावा. अहमदाबादने २०१३ साली उष्माघात प्रतिबंधाचा आराखडा केला आणि पुढे त्यात पांढऱ्या छतांचा समावेश केला. तेलंगणाने २०२३ मध्ये शीतल छतांचे धोरणच जाहीर केले.

काम चालू असताना ज्येष्ठ व्यक्तीस तिथे ठेवू नये. फरशी कापताना उडणारी सिलिकाची धूळ फुप्फुसांत साचते. दमेकऱ्यांना ती तात्काळ बाधते, म्हणून पाणी मारीतच कापावे. जुना रंग कोरडा खरवडू नये. भारतात घरगुती रंगांतील शिशावर ९० पीपीएमची मर्यादा १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली, त्यामुळे त्याआधीच्या रंगांत ते अधिक असू शकते. सिमेंटचे जुने पत्रे फोडू नयेत, सबंध उतरवावेत. त्यांत अ‍ॅस्बेस्टॉस असते.

तिकडे अकोल्याच्या सदनिकेत वेगळीच अडचण. न्हाणीघरात दांडी बसविण्यास घरमालक तयार नव्हते, त्यांना फरश्यांना भोके नको होती. त्यांचीही बाजू समजण्यासारखी होती. महाराष्ट्र भाडेनियंत्रण अधिनियम, १९९९ नुसार घर राहण्यायोग्य स्थितीत ठेवणे हे घरमालकाचे कर्तव्य आहे, पण दांडी ही दुरुस्ती नसून भर आहे. तिला संमती हवी, आणि ती लेखी असावी. अखेर घर सोडताना त्या फरश्या बदलून देण्याचे भावाने लिहून दिले आणि मार्ग निघाला. घर भाड्याने देणाऱ्या ज्येष्ठांनाही माझे हेच सांगणे आहे की असा कागद करून परवानगी द्यावी.

एक गोष्ट लिहावी की नाही, याचा विचार करून लिहीत आहे. खर्चाचा मोठा वाटा थोरल्या भावाने उचलला आणि मग ‘घर आता नावावर करून टाकू’ असा विषय निघाला. त्याच्या मनात वाईट नव्हते. तरीही आजारपणात, वेदनाशामक गोळ्यांच्या गुंगीत कुणीही अशा कागदावर सही करू नये. बक्षीसपत्र करायचेच असेल तर आपला सांभाळ करण्याची अट दस्तात स्पष्ट लिहावी. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम २३ नुसार ती अट मोडल्यास न्यायाधिकरण ते हस्तांतरण रद्द ठरवू शकते. मोठ्या आईने ‘पाहू पोळ्यानंतर’ म्हणून विषय टोलविला. पोळा होऊन गेला, ती अजून पाहतेच आहे.

नवरात्राच्या आधी ती घरी आली. चार पायऱ्या कठडा धरून, प्रत्येक पायरीवर थांबत चढली. दर्शनी उंबऱ्यापाशी वाकता येत नव्हते, म्हणून तिने नातीकडून हळदकुंकू वाहविले. रात्री खाटेखालचा बॅटरीचा दिवा पाय खाली टेकताच लागला, तेव्हा दचकली आणि नंतर दोनदा मुद्दाम पाय टेकवून तिने तो लावून पाहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी न्हाणीघरात डोकावले, तर त्या भक्कम दांडीवर तिने लुगडे वाळत घातले होते. त्याच दुपारी आम्ही पडवीत तिच्या हाताला येईल अशी कपड्यांची दोरी बांधली.