सेवेची इतिकर्तव्यता

गेल्या नोव्हेंबर महिन्यांत आमच्या घरीं एक विलक्षण पेंच पडला. आमच्या थोरल्या वहिनी, वय वर्षें ८२, माजघरांत बसून भिजलेले वाल सोलीत होत्या. आणि त्या जिवंत आहेत हें सिद्ध कसें करावें, या विवंचनेंत आम्ही सर्व मंडळी ओटीवर बसलों होतों!

कुटुंबनिवृत्तिवेतन घेणारास प्रतिवर्षीं हयातीचा दाखला द्यावा लागतो. २०१४ सालापासून 'जीवन प्रमाण' या योजनेनें तो बोटांच्या ठशांवरून यंत्रद्वाराहि देतां येऊं लागला, आणि त्यामुळें असंख्य वृद्धांची पायपीट वांचली, हें आम्ही आनंदानें मान्य करितों. परंतु साठ वर्षें भांडीं घांसून व कणीक मळून वहिनींच्या बोटांवरील रेषा पुसट झालेल्या. बँकेंतील यंत्रानें ठसा नाकारिला. लेखनिक सभ्य होता. "आजी, उद्यां पुन्हा येऊन पाहा," असें तो म्हणाला. असे तीन 'उद्यां' झाले. "ठसा जुळलाच नाहीं, तर पुढें काय करावयाचें?" असें आम्हीं विचारिलें, तेव्हां तो बिचारा गप्प राहिला. त्यास तें कोणीं सांगितलेंच नव्हतें. महिना सरत आला. वहिनींचें औषधपाणी याच वेतनावर चालतें. आणि घरांत कोणापुढें हात पसरावा लागत नाहीं, हा त्यांचा अभिमानहि त्यावरच उभा आहे.

वहिनींचा नातू एका संगणक कंपनींत निरनिराळ्या सेवांच्या कार्यपद्धतीचे आराखडे काढण्याचें काम करितो. त्यानें कोरा कागद घेऊन या सर्व प्रकाराची आकृति काढली. वर्तुळ म्हणजे कामाचा आरंभ किंवा शेवट. गोल कोपऱ्यांची चौकट म्हणजे एक कृति. शंकरपाळ्याच्या आकाराची खूण म्हणजे निर्णयाचें स्थान. आणि बाण म्हणजे क्रम. ग्राहक, लेखनिक, यंत्र यांचे आडवे पट्टे वेगवेगळे आंखलेले. आकृति पुरी होतांच तो म्हणाला, "आजोबा, हें पाहा. या शंकरपाळ्यांतून 'ठसा जुळला' हा बाण पुढें जातो. पण 'जुळला नाहीं' हा बाण फिरून मागेंच येतो. आजी या फेऱ्यांत अडकली आहे."

आम्ही थक्क झालों. तीन खेपांत जें आम्हांस उमगलें नव्हतें, तें एका कागदावर स्पष्ट दिसत होतें. दोष लेखनिकाचा नव्हता व यंत्राचाहि नव्हता. वाटच आंखलेली नव्हती.

ही विद्या कालपरवांची नव्हे. अमेरिकेंत फ्रँक व लिलियन गिलब्रेथ या दांपत्यानें १९२१ सालीं यंत्र-अभियंत्यांच्या संस्थेपुढें कामाचा क्रम आकृतीनें दाखविण्याची पद्धति मांडली. पुढें १९८४ सालीं लिन शोस्टॅक या विदुषीनें 'हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू' या नियतकालिकांत तीच दृष्टि सेवेस लावून दाखविली. बूटपॉलिशासारखा क्षुद्र वाटणारा धंदा तिनें उदाहरणास घेतला. ग्राहकास काय दिसतें व काय दिसत नाहीं यांमध्यें तिनें एक दृश्यरेषा ओढली; काम २ मिनिटांचें, परंतु ग्राहक ५ मिनिटांपर्यंत तें सहन करील, असा हिशेब मांडला; आणि चुकीच्या रंगाचें पॉलिश लागणें हें चुकीचें संभाव्य स्थान म्हणून आधींच नोंदून, तें सुधारण्याची वाटहि आंखली. आमच्या नातवानें वापरलेल्या खुणांची प्रचलित पद्धति २०११ सालीं ठरली व २०१३ सालीं तिला आंतरराष्ट्रीय प्रमाणाची मान्यता मिळाली.

नांवें नवीं असलीं, तरी विचार आपणांस परका नाहीं. काय साधावयाचें, कशानें साधावयाचें व कसें साधावयाचें, असे तीन प्रश्न मीमांसक प्रत्येक विहित कर्मास विचारितात; यांतील तिसऱ्याचें उत्तर म्हणजे इतिकर्तव्यता. श्रौतयज्ञांत होता, अध्वर्यु, उद्गाता व ब्रह्मा यांचीं कामें वांटून दिलेलीं असतात, हेच ते पट्टे. त्यांतील ब्रह्मा बहुधा मौन धरून सर्व कर्मावर लक्ष ठेवितो व न्यून सुधारितो. आणि श्रौतसूत्रांत प्रायश्चित्तांचीं प्रकरणेंच आहेत. हविर्द्रव्य सांडलें, पात्र फुटलें, अग्नि विझला, तर काय करावें, हें कर्म आरंभण्यापूर्वींच सांगून ठेविलें आहे. चूक होईल असें गृहीत धरण्यांत कर्त्याची अप्रतिष्ठा नाहीं. ती गृहीत न धरल्यास यजमान मात्र ताटकळत राहतो.

तथापि एक इशारा द्यावासा वाटतो. आकृति म्हणजे काम नव्हे. कचेरींत बसून काढलेला आराखडा नियमाप्रमाणें काय व्हावें तें सांगतो; प्रत्यक्ष काय होतें, तें खिडकीपाशीं उभें राहून पाहिल्यावांचून कळत नाहीं. आराखडा काढणारानें एक दिवस तरी एखाद्या वृद्धेबरोबर रांगेंत उभें राहावें, म्हणजे कोणता बाण राहून गेला तें त्यास आपोआप दिसेल.

वहिनींचा पेंच कसा सुटला, हें सांगावयाचें राहिलें. चेहऱ्यावरून ओळख पटविण्याची सोय २०२१ सालापासून उपलब्ध आहे. नातवानें आपला दूरध्वनि आजीपुढें धरला, तिला डोळ्यांची उघडझांप करावयास सांगितली, आणि थोड्याच वेळांत दाखला झाला. वाट होती, परंतु त्या खिडकीवरील आराखड्यांत ती नव्हती.

वहिनी वाल सोलीतच म्हणाल्या, "एवढ्यासाठीं मला तीन वेळां जिना चढविलात होय, भावजी?"

आम्हांस उत्तर सुचलें नाहीं. मात्र त्या दिवसापासून घरांतील कोणतेंहि कार्य निघालें, म्हणजे कामांची यादी करितांना प्रत्येक कामापुढें आम्ही एक रकाना अधिक आंखतों. त्याचा मथळा एवढाच: 'न झाल्यास?'